बेचाळीस वजा सतरा

परतूरला स्टेशन रोडवर माझं मोबाईलचं दुकान आहे. नवे-जुने फोन, रिचार्ज, टफन बसवणं, डिस्प्ले बदलणं, सॉफ्टवेअर मारणं, सगळं एकाच काउंटरवर. ऑनलाइन शिक्षण चांगलं की वर्गातलं, यावर आजवर प्राध्यापकांनी लिहिलं, डॉक्टरांनी लिहिलं, निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलं. ज्यांच्या काउंटरवरून ते शिक्षण प्रत्यक्षात घरोघरी गेलं, त्या आमच्यासारख्यांना कुणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं. ज्याचा त्यात फायदा, त्याचं मत कोण धरणार? म्हणून आधीच कबूल करून टाकतो. जून २०२० पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी जेवढे फोन विकले, तेवढे त्याआधी कुठल्याच वर्षात विकले नव्हते. दुकानाला नवं शटर त्याच पैशातून बसलं.

आणि तरी माझं म्हणणं असं आहे की तिसरीतल्या लेकराला मोबाईलवर शिकवता येत नाही. बारावीतल्याला येतं, तेही सगळ्यांना नाही. या दोघांना 'विद्यार्थी' या एकाच शब्दात कोंबून आपण पाच वर्षं वाद घालतोय, म्हणून तो संपत नाही.

माझा जन्म झाला तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आम्ही जागचे न हलता जिल्हा बदलला. घर तेच, रस्ता तोच, फक्त कचेरीची दिशा फिरली. २०२० च्या जूनमध्ये शाळेचं तसंच होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. लॉकडाऊनमुळे १५ जूनला घंटा वाजली नाही, पण शाळा बंद असली तरी शिक्षण सुरू राहील, अशी सरकारी घोषणा निघाली. शाळा घरात आली म्हणे. ती घरात यायची तर हातात मोठा मोबाईल पाहिजे. आमच्याकडे स्मार्टफोनला कुणी स्मार्टफोन म्हणत नाही. मोठा मोबाईल किंवा टचचा मोबाईल.

त्या जूनमध्ये माल मिळत नव्हता. जालन्याचा होलसेलवाला दहा नग मागितले तर तीन पाठवायचा. जो फोन फेब्रुवारीत सात हजारांना जायचा, तो आठच्या पुढे गेला. त्यात १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरची जीएसटी १२ वरून १८ टक्के झाली होती. निर्णय मार्चच्या मध्यावर झाला होता. त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर राहून गेला, आणि अडीच महिन्यांत तो फोनच पाटी, फळा आणि मास्तर झाला. पाटीवर १८ टक्के कर! हे मी गिऱ्हाइकाला बिल देताना हसत सांगायचो. कुणी हसायचं नाही.

त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ३,८८० रुपये क्विंटल होता. म्हणजे एक साधा टचचा मोबाईल दोन क्विंटल सोयाबीनचा. आष्टीकडच्या एक मावशी बकरी ईदच्या आधी दोन बोकड विकून आल्या होत्या. नोटा पदरात बांधलेल्या. म्हणाल्या, "दादा, शाळेचा मोबाईल द्या." मी विचारलं, शाळेचा म्हणजे कसला? तर म्हणाल्या, "ज्याच्यात शाळा येती त्यो." मी त्यांना साडेसात हजारांचा फोन दिला. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा काळा चौकोन कशाचा? मी अभ्यासाचं दीक्षा अॅप टाकून दिलं, चौकोनावर कॅमेरा धरून दाखवला, व्हिडिओ सुरू झाला. मावशींचा चेहरा असा काही उजळला की मला स्वतःलाच मोठं काम केल्यासारखं वाटलं. अॅप टाकायचे वीस रुपये मात्र घेतले.

दिवाळीनंतर मावशी परत आल्या. फोनचं काही बिघडलं नव्हतं. नवरा-बायको कोयत्यावर निघाले होते, मुकादमाची उचल घेतली होती, आणि फोन बरोबर न्यायचा की आजीजवळ राहणाऱ्या लेकरापाशी ठेवायचा, हा प्रश्न होता. मंठा-परतूरकडून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण शाळाच बंद तर वसतिगृह कुठलं? फोन फडावर गेला. मुकादमाचा निरोप यायला, घरी बोलायला तोच एक. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होत होता म्हणे. त्या लेकराची शाळा नोव्हेंबर ते मार्च उसाच्या फडात फिरत होती आणि लेकरू इथं आजीजवळ होतं.

हे सगळं गरिबीचं झालं, असं कुणी म्हणेल. फोन नव्हता, रेंज नव्हती, लाइट नव्हती, म्हणून ऑनलाइन फसलं. सोयी द्या, मग बघा. मीही बरेच दिवस हेच म्हणायचो. धंद्याच्या दृष्टीनं तर हे फारच सोयीचं मत आहे. ते मत माझ्या घरातच मोडलं.

माझा धाकटा तेव्हा तिसरीत होता. मोबाईलच्या दुकानदाराचा मुलगा. घरात चार टचचे फोन, ब्रॉडबँड, इन्व्हर्टर. फोन नाही, रेंज नाही, रिचार्ज संपला, यातलं एकही कारण आमच्या घराला लागू नव्हतं. सकाळी शाळेच्या ग्रुपवर अभ्यास यायचा, राज्याच्या अभ्यासमालेची लिंक यायची. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, तेही आम्ही लावायचो. कार्यक्रम चांगला होता. आईबापांनी घरातल्याच वस्तू घेऊन लेकरांशी खेळावं, अशी त्याची रचना होती. माझी बायको पहिले काही आठवडे मन लावून बसली. मग स्वयंपाक, सासूची शुगर, दुकानाचा डबा, आणि लेकरू एकटं टीव्हीपुढे. टीव्हीला मध्येच थांबवून 'परत सांगा' म्हणता येत नाही. मोबाईलला येतं, पण त्यासाठी आपल्याला कळलं नाही हे आधी कळावं लागतं. आठ वर्षांच्या पोराला ते कळत नाही. त्याला सगळंच कळलेलं असतं.

"समजलं का रे?"

"समजलं पप्पा."

वर्षभर हेच. गुगल फॉर्मवर चाचणी यायची, दहापैकी आठ, दहापैकी नऊ. मी दुकानात येणाऱ्यांना सांगायचो, आमच्याला तर जमतंय बुवा. पुढे कधीतरी कळलं की पठ्ठ्या पहिल्यांदा फॉर्म माझ्या फोनवरून भरायचा, बरोबर उत्तरं बघायचा, आणि मग आईच्या फोनवरून नाव टाकून खरा भरायचा. ही अक्कल कुठून आली विचाराल तर दुकानातूनच. २०२० च्याच पावसाळ्यात, २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि २ सप्टेंबरला पबजीवर. दोन्ही वेळा माझ्या काउंटरवर पोरांची रांग होती, कुठून तरी परत टाकून द्या म्हणून. ज्या फोनमध्ये शाळा येणार होती, त्यात काय काय आधीच येऊन बसलं होतं, ते मी रोज उघडून बघत होतो. घरचा फोन मात्र उघडून बघितला नाही.

१ डिसेंबर २०२१ ला लहान वर्ग परत भरले. मुलगा चौथीत. म्हणजे मार्च २०२० नंतर, दुसरी अर्धवट सोडून, तो एकदम चौथीच्या बाकावर जाऊन बसला. चार दिवसांनी मी त्याला घ्यायला गेलो तेव्हा मॅडम दाराशी थांबल्या होत्या.

"तुमचा मुलगा बेचाळीस वजा सतरा पस्तीस लिहितोय."

मी म्हणालो, "घाईत चुकलं असंल मॅडम."

"घाईत नाही. सगळीच तशी आलीत. वर असो की खाली, तो मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढतो. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढतो. पाच. चारातून एक, तीन. झाले पस्तीस. त्याला हातचा घेणं कधी कुणी दाखवलंच नाही."

दाखवलं होतं. दीक्षावर होतं, टीव्हीवर होतं, ग्रुपवर दोन व्हिडिओ होते. मी मुकाट राहिलो.

मॅडमनी पुढे जे केलं ते कुठल्याही जिल्हा परिषदेच्या मास्तरला माहीत असतं. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. यातून सतरा काढ. सुट्या दोनच, सात कशा देणार? तो थांबला. बाजूच्या मुलीकडं बघायला लागला. मॅडमनी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि थांबल्या. किती वेळ थांबल्या असतील? मला दारातून फार वाटला, असेल अर्धा मिनिट. मग त्यानं स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

त्या रात्री तो दुकानात आला आणि ड्रॉवरमधल्या सिमच्या पिना काढून बसला. नव्या फोनच्या डब्यात येते ती बारीक पिन. शेकड्यानं पडलेल्या असतात. दहा-दहा पिनांना रबर लावून त्यानं गठ्ठे केले आणि गिऱ्हाइकांना गणितं घालायला लागला. एका शेतकऱ्याकडून त्रेपन्न वजा अठ्ठावीस काढून घेतलं तेव्हा कुठं त्याला सोडलं.

त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी फार विचार केला आहे. मॅडमचा आवाज, माया, आशीर्वाद वगैरे मला म्हणायचं नाही. साधी गोष्ट आहे: तिथं त्याला पळायला जागा नव्हती. मोबाईलवर अडलं की एक बोट सरकवायचं, पुढचा व्हिडिओ. फॉर्म चुकला की दुसऱ्या फोनवरून भरायचा. यंत्र 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं आणि पोरगं प्रयत्न न करता पुन्हा दाबतं. वर्गात समोर माणूस असतं, ते तुमच्याकडे बघत असतं, आणि तुम्ही गठ्ठा सोडेपर्यंत ते हलत नाही. आता एआयवाले म्हणतील, आमचं यंत्रही पस्तीस कुठून आले ते ओळखतं. ओळखत असेल. हिशेबाची चूक ओळखणं यंत्राला अवघड जाऊ नये. पण त्या यंत्रासमोर आठ वर्षांच्या पोराला अर्धा मिनिट बसवून कोण ठेवणार? परत आईच.

आकडे माझ्याजवळ फार नाहीत, पण 'असर'चा अहवाल मी वाचतो. गावागावांत घरी जाऊन लेकरांकडून वाचून घेतात, वजाबाकी करून घेतात. तिसरीतली किती मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात? २०१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५, आणि २०२४ मध्ये परत २७.१. शाळा बंद होती तेव्हा खाली गेलं, दोन-तीन वर्षं वर्ग भरले तसं परत वर आलं. वजाबाकीत मात्र २८ वरून २६ वर आणि मग थेट ३४ च्या जवळ. म्हणजे पडझड माझ्या समजुतीपेक्षा कमी आणि सुधारणा जास्त. हा आकडा माझ्या म्हणण्याला पुरता सोयीचा नाही, पण आहे तो सांगितला पाहिजे. त्यातही तिसरीतल्या तिघांपैकी दोघांना वजाबाकी येत नाही हे उरतंच, आणि ते शाळा सुरू असतानाचं आहे.

म्हणून वर्गाचीही आरती ओवाळायचं कारण नाही. माझ्या वेळी वर्गात सत्तर पोरं होती. मी मागच्या बाकावरचा. तिथून पळता येतं. मी पळालेलो आहे. गणिताचे मास्तर फळ्याकडे तोंड करून गाइडातलं उतरवायचे आणि वळले की डस्टर भिरकावायचे. मी बारावीला नापास झालो तेव्हा घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. माझ्या बेचाळीस वजा सतराकडे कुणी अर्धा मिनिट बघितलं नव्हतं, आणि मी तर बारा वर्षं रोज प्रत्यक्ष वर्गात बसत होतो. भिंती, बाक, फळा असला की वर्ग होतो असं नाही, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

मला पदवी दिली ती दूरच्याच विद्यापीठानं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, नाशिक. १९८९ ला निघालेलं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. मी सव्विसाव्या वर्षी बी. ए. ला नाव घातलं. पुस्तकं घरी, अभ्यास दुकानात, आणि रविवारी केंद्रावर संपर्कसत्र. आमच्या तुकडीत एक एसटी कंडक्टर होता, दोन अंगणवाडी सेविका, एक होमगार्ड, आणि पन्नाशीच्या एक काकू, ज्यांना सुनेच्या आधी पदवीधर व्हायचं होतं. पुस्तकं सुरेख लिहिलेली होती, एकट्यानं वाचून कळावीत अशीच. पण खरं सांगायचं तर रविवार नसता तर मी पहिल्याच वर्षी गळालो असतो. काकू विचारायच्या, "मागच्या रविवारी कुठं होतास?" एवढ्यासाठी मी जायचो. घरपोच शिक्षणाचंच विद्यापीठ, पण त्यांनीही रविवार ठेवला होता.

दुसरी बाजूही माझ्याच काउंटरवर बघितली आहे, ती सांगितल्याशिवाय हे मत पुरं होत नाही.

सातोन्याकडच्या एका खेड्यातली मुलगी, बारावी सायन्स. सेकंडहँड फोन घेऊन गेली होती, तीन महिन्यांत दोनदा चार्जिंगचा जॅक गेला. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी विचारलं, एवढं काय वापरतेस? म्हणाली, "रात्री एकनंतर रेंज मोकळी असती, तवा व्हिडिओ उतरवून घेते." तिच्या कॉलेजात फिजिक्सचे सर तासिका तत्त्वावर होते, दिवाळीनंतर त्यांना दुसरीकडे कायम जागा मिळाली, ते गेले. नवे आलेच नाहीत. लातूरला किंवा संभाजीनगरला क्लासला जायचं तर फी, खोली, मेस मिळून लाखाच्या घरात. मग हिने मोबाईलवर उत्तरेकडच्या कुठल्या तरी शिक्षकाचा क्लास लावला, काही हजारांत. ते सर हिंदी भरभर बोलतात, म्हणून वेग पाऊण करून ऐकायचं. वही दाखवली मला: प्रत्येक पाठाला वेळ टाकलेली, १४ मिनिट २० सेकंदाला समजलं नाही, परत बघणे. परत बघणे! माझ्या पोराला जे दोन वर्षांत सुचलं नाही ते हिने समासात लिहून ठेवलं होतं. ती बी. एस्सी. नर्सिंगला लागली. परतूर तालुक्यात फिजिक्स शिकवायला माणूस मिळेना तेव्हा तिला मोबाईलनं शिकवलं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

पण ती आधी शिकायला शिकलेली होती. आपल्याला काय येत नाही, हे तिला मिनिट-सेकंदांत सांगता येत होतं. ते तिला कुणी शिकवलं? खेड्यातल्या चौथीपर्यंतच्या शाळेतले एक गुरुजी होते म्हणाली, पाढा चुकला की पुढं जाऊ द्यायचे नाहीत, कुठं अडलं ते तोंडानं सांगायला लावायचे. म्हणजे हिच्याही मोबाईलच्या मुळाशी एक वर्ग होता. आणि सगळी पोरं ही मुलगी नसतात. 'असर'च्याच २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांचं आहे: मोठा मोबाईल वापरता येतो असे ८२ टक्के, मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे ५७, सोशल मीडियासाठी वापरला असे ७६. माझ्या दुकानातल्या अंदाजानं अभ्यासाचा आकडा जरा उदारपणे सांगितलेला दिसतो.

रिचार्जचंही बोलून टाकतो. त्या लॉकडाऊनमध्ये ८४ दिवसांचा, रोज दोन जीबीचा जो रिचार्ज मी ५९९ ला मारायचो, तो २०२१ च्या डिसेंबरात ७१९ झाला आणि २०२४ च्या जुलैपासून ८५९. शाळेची फी वाढली तर पालक मोर्चा काढतात. ही फी वाढली तेव्हा कुणाला ती फी आहे असंच वाटलं नाही.

आपल्या सरकारला यातलं काय कळलं आहे, याबद्दल मला शंका आहे. बालचित्रवाणी आठवते का? १९८४ साली पुण्यात निघाली होती, शाळेच्या पोरांसाठी मराठी चित्रफिती करायला. आमच्या पिढीनं त्या दूरदर्शनवर बघितल्या. ती संस्था २०१७ मध्ये बंद केली. तीनच वर्षांनी, २०२० मध्ये, सगळ्या राज्याला चित्रफितींची गरज पडली आणि धावाधाव सुरू झाली. याच काळात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ३ डिसेंबर २०२० ला. दहा लाख डॉलर, आणि त्यातले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून दिले. सगळ्यांनी त्यांच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक केलं. तो कोड जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत, रोज समोर बसणाऱ्या पोरांसाठी तयार झाला होता, हे कौतुकात मागे पडलं. सोलापुरातच नीलमनगरच्या शिक्षकांनी धडे घरांच्या भिंतींवर रंगवले, पोरं गल्लीतून जाता-येता वाचत होती. माझ्या धंद्याला त्यात काडीचा फायदा नाही. कल्पना मात्र मला माझ्या सगळ्या फोनांपेक्षा आवडली.

आणि डिजिटल शाळा. २०१५ नंतर गावोगाव लोकवर्गणी काढून टीव्ही, प्रोजेक्टर बसवले. चार-पाच गावांत मीही बसवून दिले, नारळ फोडले, फेटा बांधून घेतला. आज त्यातले बरेच टीव्ही कापडाखाली आहेत. कुठं बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं, कुठं उंदरानं वायर खाल्ली, कुठं पासवर्ड माहीत असलेले सर बदलून गेले. मला बोलावतात, मी जातो, दुरुस्त करतो, दोन महिन्यांनी परत कापड. फळ्याला सॉफ्टवेअर मारावं लागत नाही, हे मी गमतीनं एका मुख्याध्यापकांना म्हणालो. ते म्हणाले, फळ्याला खडू लागतो आणि खडूला मास्तर लागतो. आमच्या चार वर्गांना मिळून मी एकटा, त्यात दिवसभर ऑनलाइन माहिती भरायची. यू-डायस, सरल, पोषण आहाराचे आकडे, कसला तरी हजेरीचा बॉट. म्हणाले, ऑनलाइन शिक्षणाचं सोडा, ऑनलाइन शिक्षक झालोय.

आता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर सरकारचा डोळा आहे. २०२३ मध्ये राज्यात अशा पंधरा हजारांच्या आसपास शाळा होत्या. त्या एकत्र करून समूहशाळा करायच्या, असा विचार तेव्हापासून अधूनमधून डोकं वर काढतो. कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे. आमच्या तालुक्यात वस्त्या आहेत, तांडे आहेत, निम्न दुधना धरणामुळे उठून दुसरीकडे वसलेली गावं आहेत. तिथल्या सहा वर्षांच्या पोरीला चार किलोमीटरवर कोण सोडणार? हे विचारलं की आजकाल एक उत्तर तयार असतं: स्मार्ट वर्ग देऊ, टॅब देऊ, पडद्यावरून शिकवू. जिथं लेकरू सगळ्यात लहान आणि आईबाप फडावर, तिथंच माणूस काढून पडदा लावायचा! मला उलटं करावंसं वाटतं. पडदा आणि नेट द्यायचं तर मोठ्या गावात रात्री दहापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका काढा, दहावी-बारावीच्या पोरापोरींसाठी, फुकट वायफाय, आणि 'काल का आली नाहीस' असं विचारणारं एक माणूस. आणि चौथीपर्यंत दर वस्तीला दोन मास्तर. खर्च होईल. तो कुठून आणायचा ते मला माहीत नाही, मी मोबाईलवाला आहे. पण ८४ दिवसाला ८५९ रुपये आमची खेडी आताही भरतातच.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका छोट्या गावचे सरपंच दुकानात आले. वित्त आयोगाचे पैसे आहेत, शाळेला मोठा टचचा टीव्ही घ्यायचाय, पंचावन्न इंची, कोटेशन द्या. लाखाच्या वरचं काम. माझ्या धंद्यात असं गिऱ्हाईक वर्षाला एखादं येतं. मी चहा सांगितला आणि विचारलं, शाळेत मास्तर किती? एकच म्हणाले. पट? एकोणतीस. मी म्हणालो, "सरपंच, आधी दुसरा मास्तर आणा. मग टीव्ही मी जागेवर येऊन बसवून देतो, बसवायचे पैसे घेणार नाही." ते काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले. मला वाटलं गिऱ्हाईक गेलं.

परवा त्यांचा फोन आला. पंचायत समितीत चार चकरा मारल्या होत्या, जालन्याला जाऊन आले होते. म्हणाले, "भौ, तुमचं बरोबर हाये. पन टीव्ही तुम्ही उद्या देताल. मास्तर कोन देईल, तेवढं सांगा."

कोटेशनचा कागद भरून ठेवलाय, सिमच्या पिनांच्या ड्रॉवरमध्ये. अजून पाठवला नाही.